एचओ स्केलमधलं आयसीएफ स्लीपरचं किट: खिडक्या झकास, बोग्यांनी घाम काढला

राजेहो, रेल्वेच्या स्लीपर डब्याचं हे मॉडेल किट घ्यावं का, याचा निकाल आधीच सांगून टाकतो. घ्या, पण हातात कानस धरायची तयारी असेल तरच. खोकं उघडलं, चार तुकडे चिकटवले आणि संध्याकाळी गाडी रुळावर, असल्या अपेक्षेनं मागवाल तर मग मला शिव्या घालू नका. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एकटाच माणूस आहे, नोकरी सांभाळून घरून धंदा करतो, खाली मी बऱ्याच तक्रारी करणार आहे आणि एवढ्याशा धंद्यात एका रिव्ह्यूनं माणूस बसतो. या छंदात असाल तर फोटो बघून ओळखालच.

तर हा आहे आयसीएफचा नॉन-एसी स्लीपर, 1:87 म्हणजे एचओ स्केल, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा. खोक्यात निघतं ते असं: पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेल्या दोन्ही बाजू, खिडक्यांच्या गजांचा वेगळा पत्रा, रेझिनमध्ये प्रिंट केलेलं छप्पर आणि डब्याची दोन टोकं, अॅक्रिलिकचा फ्लोअर, दोन बोग्या (बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे, त्याच्या खालची चार चाकांची गाडी), खालच्या सामानाची एक पुडी, नंबर-नावांची पाण्यात भिजवून लावायची ट्रान्सफर शीट आणि दोन पानी सूचनापत्रक, जे न छापता दिलं असतं तरी चाललं असतं. चाकं, डबे एकमेकांना जोडायचे कपलर, रंग तुमचे तुम्ही बघा. किट अडीच हजाराच्या आसपास, आणि बाकीचं सगळं धरलं की डबा साडेचारला पडतो. पूर्ण रेक म्हणजे अख्खी गाडी करायचा विचार असेल तर घरी आधी बोलून घ्या.

आता आयसीएफच का? कारण जे आपण लहानपणापासून बघितलं ते हेच. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत 1955 पासून स्विस डिझाइनवर हे डबे बनायला लागले आणि 2018 मध्ये तिथं जुन्या डिझाइनचं उत्पादन बंद झालं, आता नवीन येतात ते एलएचबी, म्हणजे जर्मन डिझाइनचे. बाजारात मॉडेलंही एलएचबीचीच जास्त दिसायला लागलीत, लाल-करड्या राजधान्या वगैरे. दिसतात छान, नाही म्हणत नाही, पण ज्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत खिडकीच्या गजाला नाक लावून प्रवास केला त्याला त्या बंद काचांचं काय कौतुक.

आणि गजांवरूनच या किटची खरी गोष्ट सुरू होते. आमच्या आयसीएफ स्लीपरचा चेहरा म्हणजे त्या खिडक्या, ओळीनं आडवे गज. हे जमलं तर डबा जमला, हे चुकलं तर बाकी कितीही बारीक काम करा, लांबून बघणारा म्हणतो "हे काहीतरी परदेशी दिसते". प्रिंट केलेल्या मॉडेलात गज अर्धा मिलिमीटर जाड येतात, त्याला 87 नं गुणा, खऱ्या डब्यावर चव्वेचाळीस मिलिमीटरचा गज झाला, सेंट्रल जेलच म्हणा की. या किटमध्ये पत्रा कोरलेला असल्यामुळे गज 0.2 मिलिमीटरच्या जवळपास आहेत, म्हणजे प्रत्यक्षात सतराएक मिलिमीटर. खऱ्यापेक्षा किंचित जाडच, पण डोळ्याला खटकत नाही. दाराच्या खिडकीचे गज जास्त दाट घेतलेत आणि इमर्जन्सी खिडकीला गजच नाहीत, म्हणजे करणाऱ्यानं प्लॅटफॉर्मवर उभं राहून नीट बघितलंय, नेटवरचा एखादा फोटो उचलून काम उरकलेलं नाही.

त्याहून भारी म्हणजे बाजू तीन थरांत आहे. बाहेरचा पत्रा खिडकीच्या चौकटींसकट, मधे गजांचा पत्रा, आणि आतून शटर सुटे. फायदा काय, तर प्रत्येक थर वेगळा रंगवता येतो, गजांभोवती मास्किंग करत बसायची भानगडच नाही. आणि ते सुटे शटर पाहिजे त्या उंचीवर चिकटवायचे. एका बाजूच्या खिडक्या मी जवळजवळ सगळ्या उघड्या ठेवल्या, मधेच एखादी अर्धी, आणि दुसरी बाजू उन्हाची धरून पत्र्याची शटरं खाली ओढून टाकली. मे महिन्यात दुपारी नागपूर स्टेशनवर उभी असलेली कुठलीही गाडी बघा, अशीच दिसते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या भावाला पैकीच्या पैकी देतो.

मापंही बरोबर आहेत. खरा डबा 21.337 मीटर लांब आणि 3.245 मीटर रुंद, 87 नं भागलं की 245 मिमी आणि 37 मिमीच्या थोडं वर. व्हर्निअर लावून बघितलं, तेवढंच भरलं. दोन बोग्यांच्या मध्यातलं अंतर 14.783 मीटरचं 170 मिमी, तेही बरोबर. हे सांगायचं कारण असं की बरेच जण वळणावर गाडी फिरावी म्हणून डबा गुपचूप आखूड करतात आणि मग तो सगळा बुटका दिसतो. इथं तसं केलेलं नाही, पण त्याची किंमत तुम्हाला रुळावर मोजावी लागते. 438 मिमी रेडियसच्या सेट ट्रॅकवर, म्हणजे तयार तुकड्यांच्या रुळावर, हा डबा वळतो खरा, पण टोकं इतकी बाहेर जातात की शेजारच्या लाइनवरची गाडी घासते आणि बफर एकमेकांत अडकतात. 600च्या पुढं वळण असेल तर निवांत. जागा नसेल तर शोकेसमध्ये ठेवा, तिथं वळण नसतं.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून आत्ताच सांगतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा, एचओत तो 19.2 मिमी यायला पाहिजे, पण जगभरचा एचओ ट्रॅक 16.5चा आहे, तो मुळात 1435च्या स्टँडर्ड गेजसाठी. त्यामुळे आपला रुंद डबा अरुंद रुळावर उभा राहतो आणि समोरून बघितलं की जरा पोट सुटल्यासारखा दिसतो. याला किटवाल्याचा इलाज नाही, तुमचा-माझाही नाही, स्वतः ट्रॅक टाकायची खुमखुमी असली तर गोष्ट वेगळी. बाजूनं बघा आणि खुश राहा.

आता बोग्या. इथं मात्र माझा पारा चढला. व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर बरोबर आहे, 2896 मिमीचा 33, स्प्रिंगा वगैरे दिसायला सुंदर, पण प्रिंट करताना एक बोगी पिळली गेली होती. काचेवर ठेवली तर तीन चाकं टेकतात, चौथं हवेत. अशी बोगी पहिल्या सांध्यावर उतरणार म्हणजे उतरणार. त्यात अॅक्सलची भोकं नुसत्या रेझिनमध्ये, ती चार दिवसांत झिजून मोठी होतात. मी भोकं जरा वाढवून पितळेचे छोटे कप बेअरिंग बसवले, मग चाकं फुंकर मारली तरी फिरायला लागली. चाकं घेताना 10.5 मिमीची घ्या. आपल्या डब्याचं नवं चाक 915 मिमीचं, म्हणजे छत्तीस इंच, आणि अमेरिकन मॉडेलवाल्यांचं 36 इंची चाक एचओत तेच येतं, फक्त अॅक्सलची लांबी मापून ऑर्डर करा. बोगी फ्लोअरला लावताना एकीचा स्क्रू जवळजवळ घट्ट ठेवायचा, फक्त डावी-उजवीकडे वळेल इतका, आणि दुसरीचा ढिला, ती सगळीकडे डुलली पाहिजे. हे इतकं महत्त्वाचं आहे पण त्या दोन पानांत याचा उल्लेखही नाही.

वजनाचंही तसंच. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा हिशोब असा की एचओमध्ये एक औंस आणि वर प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस, म्हणजे या डब्याला साधारण 165 ग्रॅम पाहिजे. किट बांधून झाल्यावर बरंच कमी भरतं. फ्लोअरवर, बोग्यांच्या वर येतील असे लोखंडी वॉशर चिकटवून टाका, बाहेरून दिसत नाहीत.

जोडकामासाठी हत्यारं कुठून घ्यायची हा प्रश्न नागपूरवाल्यांना पडायलाच नको. ऑनलाइन हॉबी टूल म्हणून जे चौपट भावानं विकतात ते इतवारीत सराफ्याच्या गल्ल्यांमध्ये सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतं, बारीक कानशी, टोकदार चिमटे, करवतीची केसासारखी पाती. दुकानदाराला काय करायचंय ते सांगितलं तर तोच चांगलं काढून देतो, वर दोन प्रश्न विचारतो. पितळेचे थर मी सोल्डरनं जोडले, कडेकडेनं थोडं थोडं, सलग डाग देत गेलं तर पत्रा तापून फुगतो. सोल्डर जमत नसेल तर इपॉक्सी वापरा. इन्स्टंट ग्लू खिडकीच्या पारदर्शक शीटजवळ अजिबात नेऊ नका, त्याच्या वाफेनं शीट पांढरी पडते आणि ती काही केल्या जात नाही.

छप्पर मला वाकडं आलं, केळ्यासारखं. गरम पाण्यात बुडवून सपाट लाकडाला बांधून ठेवलं तर बरंचसं सरळ झालं, पण फोटो पाठवल्यावर त्या भावानं काही न विचारता दुसरं पाठवलं, कुरिअरचे पैसेही मागितले नाहीत. उत्तर यायला मात्र आठवडा लागला आणि तोवर मी मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं होतं.

रंगाचं नागपुरात वेगळं शास्त्र आहे. मे महिन्यात पारा 45 वर असताना भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि डब्यावर रव्यासारखा बसतो. पावसाळ्यात ओल धरते, फिनिश पांढरट होतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला उठून मारा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. मी दोन निळ्यांचा डबा केला, आधी फिका निळा, तो पूर्ण सुकल्यावर खिडक्यांच्या पट्ट्यावर मास्किंग टेप, मग गडद. उलट क्रमानं कराल तर गडदवर फिका झाकायला थरावर थर द्यावे लागतात आणि एवढं बारीक कोरीवकाम बुजून जातं. जुना मरून रंग करायचा असेल तर पुडीतल्या बायोटॉयलेटच्या टाक्या लावू नका, त्या अलीकडच्या काळातल्या, मरून डब्याखाली त्या असूच शकत नाहीत. हेही पत्रकात लिहायला पाहिजे होतं.

खालच्या सामानाची खरी परीक्षा आमच्या घरात झाली. बाबा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमधून, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या खात्यातून, रिटायर झाले, सगळी नोकरी डब्यांच्या खाली वाकून गेली. डबा त्यांच्या हातात दिला तर त्यांनी खिडक्या, रंग काही बघितलं नाही, उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बेल्ट कुठी आहे रे याचा?"

म्हटलं, "बाबा, कसला बेल्ट?"

"अल्टरनेटरचा. अल्टरनेटर पण नाही लावला. याचे पंखे काय हवेवर चालतात काय?"

बरोबर बोलले. हा डबा सेल्फ जनरेटिंग, बोगीच्या अॅक्सलवरून बेल्टनं अल्टरनेटर फिरतो, त्यावर बॅटरी चार्ज होते आणि दिवे-पंखे चालतात. किटमध्ये बॅटरी बॉक्स आहे, ब्रेक सिलिंडर आहे, पण अल्टरनेटर गायब. मग बाबांनी कागदावर काढून दिला, मी उरलेल्या रेझिनच्या तुकड्यांतून घासून बनवला आणि बेल्टसाठी काळा दोरा. आता त्यांचं म्हणणं आहे की बेल्ट ढिला आहे. असो बाप्पा.

शेवटची तक्रार ट्रान्सफर शीटची. छपाई अप्रतिम, भिंगातून "मध्य रेल" स्वच्छ वाचता येतं, मात्रा-वेलांट्या फुटलेल्या नाहीत. पण नंबर चुकीचा! आपल्याकडे डब्याच्या नंबरात आधी बांधणीचं वर्ष असतं आणि शेवटचे तीन आकडे प्रकार सांगतात, स्लीपरसाठी 201 ते 400. शीटवर शेवट आहे 412, म्हणजे हा जनरलचा डबा झाला. वरून शीटवर हा एकच नंबर, दोन किट घेतली तर दोन्ही डबे एकाच नंबरचे. खिडक्यांच्या गजांवर इतका जीव टाकणाऱ्या माणसाकडून हे बघून वाईट वाटलं. मी आकडे कापून उलटसुलट करून 98214 जमवला, म्हणजे 1998चा स्लीपर. कळवल्यावर त्यानं मान्य केलं आणि नवीन शीटमध्ये सुटे आकडे देतो म्हणाला.

त्याच्याकडे मी अजून एक मागणं टाकून ठेवलंय, आपल्या नॅरोगेजच्या डब्याचं किट. 762 मिमीचा गेज एचओत पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे 9 मिमीचा तयार ट्रॅक जवळजवळ बरोबर बसतो, ब्रॉडगेजसारखं रडगाणं नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, पण मापं घ्यायला कडबी चौकाजवळ मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम आहेच. तो म्हणतो दहा-बारा जण पक्के असतील तर बनवतो. इच्छुकांनी खाली लिहा.

आणि स्लीपर मागवणार असाल तर ऑर्डरच्या मेसेजमध्येच तीन गोष्टी टाका: छपराखाली सपाट पुठ्ठा घालून पॅक कर, बोग्या काचेवर ठेवून तपासून पाठव, आणि सुट्या आकड्यांची शीट दे. एवढं लिहिलं की तो करतो, न सांगता अजून तरी करत नाही.