धुळीसाठी घेतलेला हाफ फेस मास्क: आठ महिने वापरून

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला आहे मी, अकरा वर्षं झाली. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटलेली वाळू न् फ्लॅश (कडेला आलेला जास्तीचा धातू) ग्राइंडरने काढायचं काम. इतकी वर्षं तोंडाला रुमाल, करोनानंतर ते पातळ निळे मास्क, आणि वाटायचं झालं की, अजून काय पाहिजे.

नॉकआउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथे, आमच्याबरोबर एक काका होते, दोनदा टीबीचा कोर्स झाला तरी खोकला जाईना, शेवटी एका डॉक्टरने पहिल्यांदाच विचारलं की काका काम काय करता, आणि मग एक्स-रे नीट बघितल्यावर सिलिकोसिस निघाला, वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. त्याच्यावर औषध नाही, खराब झालेलं फुप्फुस परत पहिल्यासारखं होत नाही. काका दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहतात, भेटायला गेलो तर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि प्रत्येक जिन्यावर कठडा धरून उभे राहत वर आले. दुसऱ्याच दिवशी मास्क ऑर्डर केला.

मास्क रबरासारखा मऊ, दोन्ही बाजूंना पी१०० फिल्टर, सगळं मिळून दोन हजाराच्या आत. एन९५ म्हणजे ९५ टक्के कण अडतात, पी१०० म्हणजे ९९.९७. डोळ्याला दिसणारी धूळ खाली बसते हो, घात करणारी ती काही मायक्रॉनची, दिसतच नाही आणि हवेत तासन्‌तास राहते. रुमालातून ती सरळ आत जाते.

पहिला महिना जड गेला. स्ट्रॅप इतके आवळले की नाकाच्या हाडावर वळ उठले. मग कळलं की आवळून काही होत नाही, सील बसलं पाहिजे. दोन्ही फिल्टरवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर बरोबर. पुढचा, श्वास बाहेर सोडायचा व्हॉल्व झाकून हळू फुंकायचं, कडेने हवा निघता कामा नये. रोज करतो, दहा सेकंद लागतात.

आणि दाढी. मला बरीच वर्षं दाढी होती, काढली, कारण सीलखाली केस आले की सगळं फुकट. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन दिवस दाढी करायची राहिली, संध्याकाळी मास्कच्या आतून ओला पांढरा कपडा फिरवला तर हनुवटीच्या डाव्या बाजूला करडी रेघ आली. त्या दिवसापासून ड्यूटी आहे आणि दाढी केली नाही असं झालेलं नाही.

मे महिन्यात हाल झाले, खरं सांगतो. हनुवटीशी घामाचं तळं, चष्मा नाकावर नीट बसत नाही, बोललेलं कुणाला कळत नाही. पाचव्या महिन्यात श्वास बाहेर सोडायच्या व्हॉल्वची पातळ रबरी चकती कडेने वळली, फुंकून बघायची सवय होती म्हणून सापडलं, नवीन टाकली. फिल्टर श्वास जड झाला की बदलतो, माझे साधारण दीड महिना जातात. आमच्याकडे पोरं एअर गनने फिल्टर उडवून परत लावतात, तसं बिलकुल करू नका, आतलं फाटतं आणि बाहेरून काही दिसत नाही. त्याच एअर गनने कपडे झटकणं तर त्याहून वाईट, सगळ्या खात्याला धूळ खाऊ घालता तुम्ही. मीपण आधी मास्क मशीनशेजारी खिळ्याला लटकवायचो, म्हणजे रात्रभर आत बसलेली धूळ सकाळी मीच ओढत होतो. आता झाकणाच्या डब्यात ठेवतो.

मास्क चांगलाच आहे, पण धूळ जिथे उडते तिथेच सक्शनने ओढली पाहिजे, जमेल तिथे पाणी मारून काम झालं पाहिजे, मास्क त्यानंतर. इथून जवळच गोधऱ्याकडे क्वार्ट्झ (गारगोटीचा दगड) दळायच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआकडचे किती मजूर सिलिकोसिसने मेले, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासूनच सिलिकोसिस कायद्याने नोंद करायलाच लागणाऱ्या रोगांत आहे, त्यामुळे खोकला राहिला तर डॉक्टरला आपलं काम आपणच सांगा, किती वर्षं आणि कुठल्या खात्यात तेसुद्धा.

आम्ही चौघांनी मिळून लेखी मागितल्यावर मागच्या महिन्यात एका टेबलला सक्शन हुड बसला, बाकीची पाच टेबलं अजून तशीच आहेत. माझं टेबल त्या पाचात आहे.