सर्वधर्मीय खोलीला पाचपैकी तीन, तक्रार कक्षाला दीड

‘सर्वसमावेशक कॅम्पस’ म्हणवणारी विद्यापीठं साधारण तीन सोयी पुढे करतात: प्रार्थनेसाठी किंवा नुसतं शांत बसण्यासाठी खोली, धार्मिक दिवशी परीक्षा आली तर तारीख बदलून मागण्याचा अर्ज, आणि भेदभावाची तक्रार घेणारा कक्ष. माहितीपत्रकात फोटो खोलीचा असतो. आमच्या मते तिन्हींत सगळ्यात कमी कस खोलीचाच लागतो.

तरी खोलीपासूनच सुरुवात करू. ती विचार करून बांधली आहे का, हे पाण्याच्या नळावरून कळतं. वुजूत, म्हणजे नमाजाआधीच्या शुद्धीत, पाय धुवावे लागतात. त्यासाठी खाली बसवलेला नळ, बसायला ठोकळा, उतार दिलेली खरखरीत फरशी आणि जाळी एवढं पुरतं. हे नसलं की पाय हात धुण्याच्या बेसिनमध्ये जातात, फरशी ओली होते, कुणीतरी घसरतं आणि ‘हे लोक घाण करतात’ अशी कुजबूज सुरू होते. चूक प्लंबिंगची, खापर धर्मावर.

भिंतीवर कायमचं काही नको. मूर्ती, क्रूस, ग्रंथ, चटया दार असलेल्या कपाटात ठेवाव्यात, वापरून परत आत. किब्ल्याची, म्हणजे नमाजासाठी तोंड करायची मक्केकडची दिशा छताच्या कोपऱ्यात छोट्या बाणानं दाखवली की काम होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या आवारातलं वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांचं १९५५ मधलं विटांचं गोल प्रार्थनागृह या बाबतीत अजूनही धडा देतं: वरून पडणारा उजेड आणि भोवतीच्या पाण्यावरून परावर्तित होऊन आत येणारा उजेड, यांवरच तिथलं वातावरण उभं आहे. अर्थात तिथेही पाय धुण्याचा प्रश्न नुसत्या उजेडानं सुटत नाही.

उदबत्तीवरून भांडण ठरलेलं. धूरशोधक यंत्र असलेल्या बंद खोलीत ज्योत नको हे ठीक, पण मग मेणबत्ती, समई, धूप सगळ्यांनाच सारखा नियम हवा. खोलीची वेळ आरक्षित करण्याचंही तसंच. एका गटानं सत्रभर तीच वेळ अडवली की बाकीचे येणं सोडतात. म्हणून सलग आरक्षणाला मर्यादा आणि रोज थोडा वेळ कुणालाच न दिलेला. शुक्रवारी दुपारच्या सामूहिक नमाजाला खोली पुरत नाही, तिथे सभागृहच द्यावं लागतं. दार ओळखपत्र टेकवून उघडत असेल, तर नोंदी कोण बघतं आणि किती दिवस ठेवतात हे विचारून घ्या. कोण केव्हा प्रार्थना करतो याची आयती यादी तिथे तयार होत असते.

अर्जाची सोय नीट चालते तिथे आम्ही साडेचार गुण देऊ. बिघडते तिथे बहुधा गेल्या वर्षीचं कॅलेंडर उचलून चिकटवलेलं असतं. २०२५ मध्ये पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथांचा) ईस्टर दोन्ही २० एप्रिलला आले. २०२६ मध्ये एक ५ एप्रिलला, दुसरा १२ ला. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असल्यानं रमजान दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो, शिवाय चंद्रदर्शनाप्रमाणे एक दिवस पुढेमागे होऊ शकतो. म्हणून त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचा दिवस मोकळा ठेवावा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. योम किप्पुर या त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सुमारे २५ तासांचा, तोही निर्जळी. २०२६ मध्ये तो २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. तेव्हा ‘२१ तारखेला परीक्षा नाही’ म्हणून २० च्या संध्याकाळी पेपर ठेवणं म्हणजे काहीच न करणं.

अर्ज सत्राच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत घ्यावा, पोच लेखी द्यावी. निर्णय परीक्षा विभागानं घ्यावा. प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडला की शेजारच्या दोन वर्गांत दोन न्याय होतात. धर्मगुरूचं पत्र मागू नये. ते पत्र देणारा माणूस बहुधा त्या धर्मातल्या मोठ्या पंथाचा असतो, आणि लहान पंथाच्या विद्यार्थ्याला ते मिळतच नाही. दुसरी प्रश्नपत्रिका तितकीच कठीण हवी, आणि त्या दिवसाची गैरहजेरी हजेरीच्या टक्केवारीत धरू नये.

तक्रार कक्षाचे दीड गुणही आम्ही हात सैल सोडून दिलेत. नेहमीची गफलत अशी की तक्रार आधी विभागप्रमुखाकडे जाते, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच सहकाऱ्याकडे. चौकशी होईपर्यंत हलवतात तेही तक्रारदाराला: तुकडी बदल, मार्गदर्शक बदल, वसतिगृहाची खोली बदल. हलवायचंच तर समोरच्याला हलवावं. निनावी अर्जावर कुणाला शिक्षा करता येत नाही हे बरोबर, पण एकाच प्रयोगशाळेबद्दल तीन निनावी अर्ज आले तर तिथे नियमांची पाहणी करायला कुणाची आडकाठी आहे? आणि वर्गात एखाद्या श्रद्धेवर टीका होणं वेगळं, त्या श्रद्धेच्या विद्यार्थ्याला उभं करून उत्तर मागणं वेगळं. हा फरक नियमावलीत उदाहरणासह लिहिलेला नसला की कक्ष दोन्ही तक्रारी एकाच फाइलीत टाकतो.

धर्म न मानणाऱ्यांचा रकाना फॉर्मवर आहे का तेही बघा. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात श्रद्धा नसण्यालाही श्रद्धेइतकंच संरक्षण आहे. फॉर्मवर मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा ‘इतर’च येतं.