होस्ट अपग्रेड: आहे त्यावरच की पुसून नव्याने?

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ला संपला, तरी पुण्यात हिंजवडी-खराडीत बरेच होस्ट, म्हणजे तो चालवणारे सर्व्हर, अजून त्यावरच असतील. ८वर जायला दोन वाटा आहेत. कुठलीही धरा, आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर), मग होस्ट.

आहे त्यावरच अपग्रेड केलं की आयपी, व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे भाग), डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्सची जागा) जागच्या जागी राहतात. बिघडलंच तर बूट होताना शिफ्ट+आर दाबून जुन्या आवृत्तीवर परतता येतं. अडतं ते जुन्या ड्रायव्हरवर: सर्व्हर कंपनीच्या इमेजमधलं एखादं पॅकेज ८ला चालत नाही आणि अपग्रेड तिथेच थांबतं. म्हणून पॅकेजची यादी आदल्या दिवशीच तपासा.

नव्याने इन्स्टॉल केलं की हा कचरा जातो. एसडी कार्डावरून बूट होणारा होस्ट असेल तर हाच मार्ग घ्या, ३२ जीबी किंवा मोठा एसएसडी बसवूनच. पण कॉन्फिगरेशनचा बॅकअप त्याच बिल्डवर परत चढतो, ८वर नाही. नेटवर्क हातानेच लिहून ठेवा. खरी भीती डिस्क निवडताना. सॅनच्या (सामायिक स्टोरेज नेटवर्कच्या) केबल आधी काढा, नाहीतर चुकून सामायिक लन, म्हणजे अनेक होस्ट वापरतात ती सॅनवरची डिस्क, पुसली जाईल.

दोन्ही मार्गांत होस्ट आधी मेंटेनन्स मोडमध्ये टाकून त्यावरची व्हीएम दुसरीकडे हलवायची. तो मोड काही टक्क्यांवर अडकला तर बहुधा एखाद्या व्हीएमला लोकल डिस्कवरची आयएसओ (सीडीची इमेज फाइल) जोडलेली असते.

आठ-दहा धडधाकट होस्टना पहिलाच मार्ग बरा. फक्त गुरुवार टाळा, पुण्यात महावितरणचं शटडाऊन बहुधा तेव्हाच असतं.