नव्या गाडीतला दोष त्यांनी कागदावरून कसा गायब केला

दसरा-दिवाळीला नवी गाडी घ्यायचं ज्यांच्या घरी चाललंय त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांची नवी गाडी पहिल्याच महिन्यात सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायला लागली आहे, त्यांनी तर आजच वाचावं. गाडी हे यंत्र आहे, ते बिघडू शकतं, एवढं मलाही कळतं. माझा राग त्या बिघाडावर कमी आहे. तो बिघाड कधी झालाच नाही असं कागदोपत्री दाखवलं गेलं, त्यावर जास्त आहे. कंपनीचं आणि डीलरचं नाव घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

आम्ही राहतो धायरीला, माझं ऑफिस खराडीला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी सारखा क्लच दाबायला मनाई केली होती, म्हणून ऑटोमॅटिक शोधत होते. शोरूममध्ये हे सगळं स्पष्ट सांगितलं. रोजचा रस्ता कोणता, कुठे किती वेळ अडकायला होतं, तेही सांगितलं. त्यावर सेल्समन म्हणाला, "मॅडम, पुण्याच्या ट्रॅफिकसाठीच बनलीये ही गाडी." ड्युअल क्लच गिअरबॉक्स असलेलं महागातलं मॉडेल त्याने सुचवलं आणि तेच वाक्य नंतर व्हॉट्सअॅपवर कोटेशनसोबत लिहूनही पाठवलं. तो मेसेज मी जपून ठेवलाय.

पहिल्या महिन्यातच पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना हिसके बसायला लागले. मग मगरपट्टा-मुंढव्याच्या गर्दीत बराच वेळ रेंगाळलं की अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर जागची हलायची नाही, आणि मग एकदम पुढे उसळायची. उजवीकडे वळताना समोरून पीएमपीची बस येत असते तेव्हा तो एक क्षण किती मोठा असतो, हे चालवणाऱ्याला विचारा. पुढे एका शनिवारी सासूबाईंना घेऊन वाईला निघालो होतो. खंबाटकी घाटात नेहमीप्रमाणे रांग लागलेली. अर्ध्या चढावर पडद्यावर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना आली आणि गाडीने जोरच सोडला. इंजिन चालू, पण चाकांना ताकद नाही. मागे उसाचा ट्रक. ब्रेक दाबून, हॅझर्ड लाइट लावून आम्ही बसून राहिलो, सासूबाई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होत्या. थोडं थंड झाल्यावर गाडी आपोआप चालू लागली.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण सर्व्हिस सेंटरला नेमकं याच अज्ञानावर खेळता येतं. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी. ते कधी जोडायचे, कधी सोडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या गाडीतला क्लच ड्राय म्हणजे कोरडा आहे, त्याला थंड ठेवायला तेल नसतं. गाडी मुंगीच्या पावलाने चालते तेव्हा क्लच अर्धवट जोडलेला राहून घासतो आणि तापतो. फार तापला की कॉम्प्युटर त्याला वाचवण्यासाठी ताकद तोडतो. इतपत या रचनेची मर्यादा म्हणता येईल. पण माझ्या ऑफिसमधल्या एकाकडे हेच मॉडेल आहे, तोही त्याच रस्त्याने येतो, आणि त्याच्या गाडीत हा प्रकार होत नाही. माझ्या गाडीतला क्लच पॅक (दोन्ही क्लचचा संच) किंवा त्याचं नियंत्रण यातच काहीतरी चूक आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता मुख्य गोष्ट. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की अॅडव्हायझर टॅबवर जॉब कार्ड उघडतो. आपण तोंडाने सांगतो, तो टाइप करतो. मी सांगितलं, "घाटात चालत्या रांगेत गाडीने ताकद सोडली, जिवावर बेतलं असतं." त्याने टाइप केलं, कस्टमर सेज जर्क फीलिंग. मी ते बदलायला लावलं. तो म्हणाला, "ताई, सिस्टिममध्ये ठरलेलेच पर्याय असतात, सविस्तर मी रिमार्कमध्ये घालतो." संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा कागदावर होतं: टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही. ती टेस्ट ड्राइव्ह सेंटरच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी, थंड गाडीवर घेतली होती. तापल्यावर येणारा दोष थंड गाडीत कसा सापडणार, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. प्रत्येक खेपेला हेच. कधी सॉफ्टवेअर अपडेट, कधी "या टाइपच्या गिअरबॉक्समध्ये एवढं असतंच", कधी "तुमची चालवायची पद्धत बदला".

आमच्या सोसायटीतले एक काका पिंपरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर आयुष्य घालवून निवृत्त झालेत. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोड वाचून दाखवले का तुला?" दोष घडला की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट कोड साठतो, आणि अनेकदा त्यासोबत त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनचे फेरे हेही साठतात. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. सर्व्हिस सेंटरने कोड क्लिअर केले की ही नोंदही पुसली जाते. घाटातल्या प्रसंगाचा सर्वांत भक्कम पुरावा गाडीच्या पोटातच होता, आणि माझ्यासमोर न वाचता तो पुसून मला "गाडी ओके" सांगण्यात आलं. काका फार चिडले. लाइनवर महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टचा टॉर्क (तो किती जोराने आवळला ते) नोंदवून ठेवतात, म्हणजे उद्या काही झालं तर माग काढता येतो, असं ते म्हणाले. कारखान्यात एवढी शिस्त पाळणारा उद्योग गाडी विकल्यावर ग्राहकाची तक्रार मात्र पुसून टाकतो, याचं दुःख त्यांना माझ्यापेक्षा जास्त झालं.

तक्रार करायची म्हणून गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी ईमेलने मागवली. ती उघडली आणि मी अक्षरशः थंड पडले. घाटातल्या बिघाडाची नोंद होती "जनरल चेक-अप". त्यानंतरची "सॉफ्टवेअर अपडेट". त्यापुढची, "कस्टमरला ड्रायव्हिंगबद्दल मार्गदर्शन केले". आणि प्रत्येकापुढे "ग्राहक समाधानी". हे समाधान कुठून आलं? गाडी परत घेताना फोनवर ओटीपी यायचा. गेटपाससाठी लागतो म्हणून तो मागायचे. तोच ओटीपी माझी संमती म्हणून नोंदवला जात होता. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यालयाने मला हेच उत्तर पाठवलं की आमच्या नोंदीनुसार आपण प्रत्येक वेळी समाधान व्यक्त केलं आहे, वाहन निर्धारित मानकांनुसार आहे, काही शंका असल्यास जवळच्या अधिकृत डीलरला भेटा. डीलर म्हणतो, पार्ट बदलायला कंपनीची मंजुरी लागते. कंपनी म्हणते, डीलरने दोष दाखवलेला नाही.

म्हणून कळकळीने सांगते. सर्व्हिस सेंटरच्या गेटबाहेर पडण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत, तारीख, ठिकाण आणि किलोमीटरसकट जॉब कार्डवर असलीच पाहिजे. ते लिहीत नसतील तर तिथेच उभं राहून डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा, जॉब कार्डचा फोटो जोडा. कोड पुसण्याआधी स्कॅनचा प्रिंट मागा, देत नसतील तर स्क्रीनचा फोटो काढा. टेस्ट ड्राइव्हला स्वतः शेजारी बसा आणि दोष जिथे येतो तिथेच न्या. गाडी परत देताना ओटीपी मागितला तर तो कशासाठी, हे मेसेजमध्ये वाचून मगच सांगा. गाडी त्यांच्याकडे किती दिवस पडून होती हे दाखवणारी आत-बाहेरची नोंदही घ्या.

पुढची वाट कठीण आहे, पण बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी हे स्वतंत्र प्रकरणच आहे. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं, पुरेशी सूचना न देणं, या सगळ्यासाठी उत्पादक जबाबदार धरता येतो. शोरूमने स्वतःहून वेगळी हमी दिली असेल तर विक्रेताही. म्हणून तो व्हॉट्सअॅप मेसेज मोलाचा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. "बघतो, कळवतो" करत ती संपवण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा तारखेवर डोळा ठेवा. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर जो नाही त्याच्यावर ढकलतात. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्याने माझा दोष दुरुस्त झाला नाही, पण तारखेसह एक सरकारी नोंद तयार झाली.

मागणी काय करावी, यातही अनेकांची गल्लत होते. रागाच्या भरात सगळे "नवी गाडी द्या" म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचंच वचन असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. दुसऱ्या एका प्रकरणात मात्र, स्वतंत्र तज्ज्ञाला निर्मितीदोष आढळला तर किंमत आणि आजीव कर व्याजासकट परत करावा, असं त्याच न्यायालयाने सांगितलं. म्हणजे सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन थांबतं. कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो, तिची फी तक्रारदाराला आधी भरायला सांगितली जाऊ शकते. वाहन चाचणीच्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एआरएआय आपल्या कोथरूडला आणि सीआयआरटी भोसरीला आहे. मी अर्जात दोन्हींची नावं दिली आहेत आणि तपासणी तापलेल्या गाडीवर, चढावर व्हावी असं लिहिलंय.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं, त्यानुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. तो आदेश किती ग्राहकांनी तक्रार केली यावरही ठरतो. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवर ही तक्रार नोंदवता येते. तुमची गाडी दुरुस्त होऊन मिळाली तरी नोंदवा, कारण त्याच मॉडेलची दुसरी गाडी कुणाच्या तरी घाटात बंद पडणार आहे.

कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, सिबिल मात्र तुमचं बिघडतं. विम्याच्या भरवशावरही राहू नका, यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही.

आयोगाची नोटीस गेल्यावर डीलरचा सूर एकदम बदलला. जनरल मॅनेजर घरी आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. क्लच पॅक आणि कंट्रोल युनिट "सदिच्छा म्हणून" मोफत बदलून देतो म्हणाले. सोबत सहीसाठी एक पान होतं. त्यावर तीन गोष्टी होत्या: वाहनात निर्मितीदोष नव्हता हे मला मान्य आहे, मी तक्रार मागे घेते, आणि या विषयावर पुढे कुठेही काही लिहिणार वा बोलणार नाही. ज्यांच्या नोंदीत दोषच नव्हता, ते लाखभराचा पार्ट कशासाठी बदलून देत होते, हे मी त्यांना विचारलं. पेढे परत दिले, सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ईमेलने कळवलं की गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे सदिच्छेची गरज नाही. पार्ट बदलायचे असतील तर जॉब कार्डवर कारण लिहून बदला, नव्या भागांवर लेखी वॉरंटी द्या, आणि काढलेला क्लच सील करून आयोगापुढे ठेवा. त्या ईमेलला अजून उत्तर आलेलं नाही. तपासणीच्या अर्जावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.