4 नंबरचा लोखंडी रंधा : काही महिन्यांच्या वापरानंतर

साधारण 245 मिमी लांबीचा ओतीव लोखंडाचा तळ, त्यात 45 अंशांत बसणारं 50 मिमी रुंद पातं आणि ते पुढे-मागे सरकवणारी पितळी चाकी. अमेरिकी कारागीर लिओनार्ड बेलीने 1860च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आजही जवळपास तशीच आहे. पण साध्या दर्जाचा रंधा खोक्यातून काढून थेट लाकडावर चालवायचा नसतो. तो अर्धवट तयार माल समजूनच घ्यावा.

आधी तळ बघा. जाड काचेवर 80 ते 120 ग्रेडचा पॉलिश पेपर चिकटवा, तळावर मार्करने आडव्या रेघा ओढा आणि रंधा घासा. पातं आत ओढून घ्यायचं, पण काढायचं नाही. लिव्हर कॅप, म्हणजे पातं वरून दाबून धरणारा तुकडा, आवळलेली असताना बॉडीवर जो ताण येतो, त्या ताणातच तळ सपाट व्हायला हवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्याच पाहिजेत असं नाही. पुढचं टोक, तोंडाच्या (तळातली फट, जिथून पातं बाहेर येतं) लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक एका पातळीत आलं की थांबा. तोंडापुढचा भाग खोलगट राहिला, तर तिथे लाकूड दाबलं जात नाही आणि ढलपी मोडण्याआधीच तंतू उपटले जातात.

पात्याची पाठ धारेपासून 2-3 मिमी आरशासारखी झाली की पुरे. मुख्य कोन 25 अंश, टोकाला 30. घासताना कोन कायम ठेवणारी, बाजूंनी पातं आवळणारी साधी चाकवाली गाइड असेल, तर पातं 50 मिमी बाहेर ठेवल्यावर 25 आणि 38 मिमी ठेवल्यावर 30 अंश मिळतात. धार लावायच्या 1000च्या दगडावर पाठीमागे पूर्ण रुंदीभर बर (घासल्याने वळणारी बारीक खरखरीत कड) लागेपर्यंत घासा, मग 6000, शेवटी पाठ सपाट ठेवून बर काढा. बर मध्येच तुटक लागत असेल, तर तिथे जुनी बोथट कड अजून शिल्लक आहे. दोन्ही कोपऱ्यांवर बोटाचा दाब देऊन चार-पाच हात जास्त मारले की फळीवर कोपऱ्यांचे चरे उमटत नाहीत.

खरी मेख कॅप आयर्नमध्ये, म्हणजे पात्यावर स्क्रूने बसणाऱ्या वाकड्या पट्टीत. लोक जाड पात्यावर आणि अरुंद तोंडावर खर्च करतात, आणि ही पट्टी मात्र धारेपासून दीड-दोन मिमी मागे तशीच राहते. एवढ्या अंतरावर ती चाकीची हालचाल पात्यापर्यंत पोचवते, बाकी काही करत नाही. उलट्या रेषांच्या किंवा गाठीजवळच्या लाकडावर ती 0.2 ते 0.3 मिमीवर आणा. त्याआधी पट्टीची पुढची कड दगडावर 50 अंशांच्या आसपास उभी करा आणि खालची बाजू थोडी आतून घासा. पातं आणि पट्टी जोडून उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. फट राहिली की ढलपी तिच्यात घुसते आणि तोंड चोंदतं. रंधा चोंदण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

पट्टी नीट बसली की ढलपी गुंडाळी न होता सरळ वर उसळते. ढलपी चुण्या पडून येऊ लागली आणि रेटायला जड गेलं, तर पट्टी केसभर मागे घ्या. तोंड अरुंद करायला फ्रॉग, म्हणजे पात्याखालची तिरकी बैठक, पुढे सरकवू नका. पातं जेमतेम 2 मिमी जाड असतं. त्याचा खालचा आधार सुटला की ते थरथरतं आणि पृष्ठभागावर आडव्या लाटा उमटतात.

चाकीत ढिलाई असतेच, अर्धा फेरा किंवा थोडी जास्त. पातं आत घेतलं की चाकी पुन्हा पुढे फिरवून, तिला भार लागल्यावरच काम सुरू करा. नाहीतर दोन हात मारताच पातं मागे सरकतं. पातं तिरकं आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. लाकडाची छोटी चीप तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून ओढून पाहा, ढलपीच्या जाडीवरून लगेच उमगतं.

सागवानात सिलिका (वाळूसारखे कठीण कण) असल्याने धार लवकर बोथट होते. ढलपीची भुकटी होऊ लागली की दगडाकडे वळावं, हातातला जोर वाढवू नये. तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या की रेटण्याचे कष्ट स्पष्ट कमी होतात. लाकडी रंध्याचा तळ मुळातच सुळकन सरकतो. तिथे लोखंडी रंधा मागेच पडतो आणि त्याचं दीड किलोहून जास्त वजन दिवसभरात खांद्याला जाणवतं. घामाच्या हाताचे ठसे एका रात्रीत गंजतात, म्हणून काम संपलं की तेलाचं फडकं फिरवावं.

लांब फळीची कड सरळ करायला हा रंधा घेऊ नये. आखूड तळ चढ-उतारांवरून तसाच जातो. तिथे लांब तळाचा 7 नंबरच हवा.

काही महिन्यांनी मागची लाकडी मूठ हलू लागते. लाकूड सुकून आखूड होतं आणि आतली सळई नटाच्या आत बुडाला टेकते, म्हणून नट कितीही पिळला तरी मूठ आवळत नाही. जोर लावला तर लाकूड चिरतं. सळईचं टोक कानशीने 1-2 मिमी कमी करा, किंवा नटाखाली एक वॉशर घाला.