घरीच शिकवायचं ठरलं, पण कोणत्या पद्धतीने?

होमस्कूलिंगचा विचार करणारे पालक बहुधा तात्त्विक वादापासून सुरुवात करतात : माँटेसरी (साहित्य हाताळत शिकणं) की अनस्कूलिंग (ठरलेला अभ्यासक्रम न लावता मुलाच्या ओढीने शिकणं), पुस्तक धरून की पुस्तक सोडून. त्याआधी दोन रोकड्या गोष्टी पाहा. घरातलं कोण, दिवसातले किती तास मुलाजवळ निवांत बसू शकतं? आणि दहावी कुठून द्यायची? एवढ्यावरच निम्मे पर्याय गळून पडतात.

पुस्तक धरून

नोकरी करणाऱ्या आईबाबांना ही पद्धत सर्वांत झेपणारी. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात आणि कुठवर आलो ते रोज कळतं. पहिली ते चौथीच्या मुलाला दीड-दोन तास पुरतात, कारण घरी हजेरी नसते आणि बाकीच्यांचं लिहून होईपर्यंत थांबावं लागत नाही. बिघडतं ते नऊ ते तीनचं वेळापत्रक भिंतीवर लावलं की. चौथ्या दिवशी रडारड सुरू होते आणि दोष मुलाच्या माथी येतो. शिवाय ही पुस्तकं वर्गासाठी लिहिलेली. ‘गटात चर्चा करा’ हा उपक्रम घरी एकट्याने कसा करणार? तो सरळ सोडून द्यावा.

साहित्य हाताळून

साधारण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आमचा कल इकडे आहे. महागडा माँटेसरी संच घ्यायलाच हवा असं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शिंपले, खडे असं आसपासचंच साहित्य वापरून बालवाड्या चालवल्या.

५२ वजा २७ हे गणित घ्या. काड्यांचे दहा-दहाचे ५ गठ्ठे रबरबँड लावून ठेवा, शेजारी २ सुट्या काड्या. सात काड्या द्यायच्या तर सुट्या दोनच आहेत, हे मुलाच्याच लक्षात येऊ द्या. ते एक गठ्ठा सोडतं, आता ४ गठ्ठे आणि १२ सुट्या. त्यातल्या ७ आणि २ गठ्ठे बाजूला केले की २५ उरतात. हातचा म्हणजे काय ते कागदावर येण्याआधीच हातांनी करून झालं. इथे मोठी माणसं हमखास घाई करतात आणि स्वतःच गठ्ठा सोडून दाखवतात. दुसरी चूक म्हणजे सगळं साहित्य एकदम बाहेर काढणं. मांडणीवर सहा-आठ वस्तू पुरेत, बाकीच्या आळीपाळीने. तयारीचा वेळ मात्र धरून चाला, रोज अर्धा तास तरी जातोच.

अनस्कूलिंग

नावावरून वाटतं, पालकांना काही करायचंच नाही. प्रत्यक्षात मोठ्यांचा सर्वांत जास्त वेळ हीच पद्धत खाते. एसटीच्या वेळापत्रकात रमलेलं मूल नकाशा शिकेल, वेळेची वजाबाकी शिकेल. पण जोडाक्षरं लिहिण्याचा सराव त्यातून आपोआप होत नाही, अपूर्णांक तर नाहीच. शाळा सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मूल नुसतं लोळतंय असं दिसतं. तेवढ्यात घाबरून पालक पुस्तकं काढतात आणि धड ना हे ना ते होतं. दिवसभर मूल आजी-आजोबांकडे आणि टीव्ही चालू असेल, तर या वाटेला जाऊ नका. आजोबा रोज संध्याकाळी पाढे विचारणार, तेही सोसायची तयारी ठेवा.

बहुतेक घरं शेवटी गणित आणि भाषा पुस्तकावर, बाकी मोकळं, अशा मिश्रणावर स्थिरावतात. त्यात गैर काही नाही.

दहावीची वाट

शाळेत कधीच न गेलेल्या मुलासाठी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) सर्वांत सोपं : वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, आधीच्या शिक्षणाचा दाखला नसेल तर स्वयंघोषणा चालते. पाच विषय, मराठी माध्यमाची सोय, वर्षातून दोन मुख्य परीक्षा आणि नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी. विषय सुटे सुटे देता येतात, हा मोठा दिलासा.

राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. कधीच शाळेत नाव नसेल तर गाडी इथे अडते. म्हणून मूल शाळेतून काढतानाच मूळ दाखला हातात घ्या. केंब्रिजच्या आयजीसीएसईचा (दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा) खर्च कैक पट आणि सगळी केंद्रं खासगी परीक्षार्थी घेत नाहीत. वर्षभर आधी विचारून ठेवा. विज्ञानाला प्रयोगशाळेऐवजी प्रयोगावर आधारित लेखी पेपर निवडता येतो, ही त्यातली जमेची बाजू.

शिक्षण हक्क कायदा (२००९) होमस्कूलिंगबद्दल स्पष्ट काही म्हणत नाही. पण ६ ते १४ वयाच्या, शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे, त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही. पुस्तक धरून शिकलेल्या मुलाला परतताना कमी जड जातं.

मंडळ कुठलंही ठरो, बाराव्या वर्षापासून महिन्यातून एकदा घड्याळ लावून सलग दोन तास लिहायला बसवा. राज्य मंडळाचा बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर तेवढ्याच वेळाचा असतो. घरी शिकलेल्या मुलांना उत्तरं येत असतात, हात मात्र तासाभरात भरून येतो.