पाचपैकी चार स्टार, एक का कापला तेही लिहिलंय

दारू सोडायला मदत करणाऱ्या ज्या ग्रुपचा हा रिव्ह्यू आहे त्याचं नाव लिहीत नाहीये, कारण ग्रुपच निनावी आहे आणि तिथलं तिथेच ठेवायचं हा पहिल्या दिवशी सांगितलेला नियम. त्यामुळे इतर कुणाची गोष्ट इथे येणार नाही, फक्त माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, आणि आम्हाला जे म्हणाले तेवढं. पोस्ट करायच्या आधी त्याला वाचून दाखवलंय. "ताई एवढं लांबलचक कोण वाचणार" असं म्हणाला, म्हणजे परवानगी आहे असं मी धरलं.

तर दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप, त्याच हॉलमधे दुसऱ्या दिवशी भरणारा घरच्यांचा ग्रुप, आणि डिप्रेशन वगैरे असलेल्यांचा एक सपोर्ट ग्रुप, असे तीन प्रकार आम्ही गेले चौदा महिने वापरतोय. "वापरतोय" हा काही बरोबर शब्द नाही पण रिव्ह्यू आहे म्हणून चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रुपच्या नंबरवर केलेला पहिला फोन, त्याचं मोल मला नंतर कळलं. मी म्हणलं भावाने ठरवलंय, उद्यापासून बंद, त्याला घेऊन येते. समोरचे काका शाब्बास वगैरे काही बोलले नाहीत, त्यांनी विचारलं रोज किती घेतो, सकाळी उठल्या उठल्या लागते का, हात थरथरतात का, आधी कधी सोडताना फिट आली होती का. आणि मग सरळ सांगितलं की आधी डॉक्टर, मग आम्ही. मला तेव्हा वाटलं टाळतायत. नंतर डॉक्टरांनी समजावलं की रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर ६ ते ४८ तासात फिट येऊ शकते, आणि दोन तीन दिवसांनी काहीजणांना भास व्हायला लागतात, ताप चढतो, भ्रम होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. आम्ही तर घरीच खोलीत बंद करून ठेवायचा प्लॅन केला होता, कुलूपसुद्धा आणलं होतं. त्या कुलपाकडे बघून अजून पोटात गोळा येतो. हॉस्पिटलमधे सात दिवस काढले, व्हिटॅमिन बी१ ची इंजेक्शनं, झोपेचं औषध कमी कमी करत नेलं, आणि मग मीटिंग.

पहिली मीटिंग ओपन होती म्हणजे घरचे पण बसू शकतात. भाऊ दाराजवळच्या खुर्चीवर बसला, हेल्मेट मांडीवर, चिनस्ट्रॅप हातात गुंडाळलेला, म्हणजे कधीही उठून पळायची तयारी. शेजारच्या माणसाने त्याला काही विचारलं नाही, नाव नाही गाव नाही, फक्त स्वतःची पिशवी उचलून पलीकडे ठेवली म्हणजे याला पाय लांब करता येतील. तासभर लोक बोलत होते आणि कुणी कुणाला मधे तोडत नव्हतं, सल्ला देत नव्हतं, "तू असं करायला पाहिजे होतंस" हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. आमच्या घरात हे वाक्य दिवसाला वीस वेळा होतं, त्यातलं अठरा वेळा माझंच.

येताना भाऊ एवढंच बोलला, "माझ्यापेक्षा खोटारडे लोक आहेत ताई." इतक्या वर्षात इतका हलका आवाज मी त्याचा ऐकला नव्हता.

आता नवऱ्याचं मत, कारण तो मोजमापवाला माणूस. नुसतं गोल बसून बोलून काय होतं, हे त्याचं. म्हणून मी शोधून वाचलं. २०२० साली कॉक्रेन नावाच्या, उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र करून तपासले, साडेदहा हजारावर लोक, आणि त्यात असं निघालं की आमच्यासारखे दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला जोडून देणारे पद्धतशीर कार्यक्रम केले तर वर्षभराने पूर्ण बंद असलेले साधारण ४२ टक्के, आणि इतर मान्य उपचारांमधे ३५ टक्के. नवरा म्हणाला म्हणजे बरं आहे की. मी म्हणलं पुढचं पण वाच, म्हणजे शंभरातल्या अठ्ठावन्न जणांचं वर्षभर पूर्ण बंद राहिलेलं नाही. हे आकडे मी फ्रीजवर लावले नाहीत पण डोक्यात ठेवले, आणि पाचव्या महिन्यात कामाला आले, ते खाली येतंय.

या ग्रुपची सगळ्यात दमदार गोष्ट म्हणजे स्पॉन्सर. म्हणजे आधी सोडलेला एक जण जो तुमचा फोन उचलतो. एका रात्री पावणेबाराला भाऊ बूट घालून दारात उभा होता आणि मी पाण्याला उठले म्हणून दिसला. मी ओरडायच्या आधी त्यानेच हात दाखवून थांबवलं, फोन कानाला होता. स्पीकर नव्हता पण रात्रीच्या शांततेत पलीकडचे काका ऐकू येत होते, "फोन ठेवू नकोस. आधी पायातले बूट काढ. काढलेस? आता जेवलायस का ते सांग." तो जेवला नव्हता. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काय चालू आहे ते आधी बघायचं असं त्यांच्यात शिकवतात, या चारांच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून हॉल्ट म्हणतात. पन्नास मिनिटं चालला फोन. शेवटी काका म्हणाले, "बरं झालं तू फोन केलास, माझी पण रात्र जड होती."

हे मला तेव्हा नम्रपणा वाटला. पण या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ग्रुपची सुरुवातच तशी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमधे बिल विल्सन नावाचा माणूस धंद्यातलं काम फिसकटल्यावर हॉटेलच्या लॉबीत उभा होता, बारमधून आवाज येत होते, काही महिन्यांपूर्वीच सोडलेली. त्याने पिणारा दुसरा कुणीतरी शोधायला फोन फिरवले, समोरच्याला वाचवायला नाही, स्वतः प्यायला जाऊ नये म्हणून. सापडले ते डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. पंधरा मिनिटं बसेन म्हणाले आणि सहा तास बसले. म्हणजे काकांची रात्र खरंच जड असणार.

घरच्यांच्या ग्रुपला मी नाईलाजाने गेले. माझं म्हणणं, पितो तो, आणि मी का जाऊन बसू? तिथे मी वीस मिनिटं भावाबद्दलच बोलले, बाटल्या कुठे लपवायचा, ऑफिसात मी किती वेळा त्याला ताप आलाय म्हणून फोन केला, पासबुक, पासवर्ड, सगळं. एक वयस्कर बाई शांत ऐकत होत्या आणि म्हणाल्या, "भावाचं समजलं गं. तू कशी आहेस?" मला उत्तरच आलं नाही. खरंच नाही आलं, मी म्हणलं मी म्हणजे काय. तिथे तीन वाक्यं सांगतात, हे मी केलेलं नाही, हे मला आवरता येणार नाही, हे मला बरं करता येणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला, म्हणलं मग सोडून द्यायचं का मरायला? तसा अर्थ नाहीये हे कळायला चार महिने लागले. ऑफिसात खोटा फोन करायचं बंद केलं तेवढाच तेव्हा अर्थ लागला.

आणि एक कुणी सांगत नाही ते सांगते, पिणं थांबल्यावरसुद्धा चिडचिड होते. आधी संध्याकाळी बारमधे, आता संध्याकाळी मीटिंगमधे, घरात आहेच कुठे? आणि मी इतकी वर्षं समजावलं तर ऐकलं नाही, आणि हे अनोळखी काका म्हणाले बूट काढ तर लगेच काढले! जळले मी, सरळ सांगते. मग कळलं की बिल विल्सनच्या बायकोने, लोइसने, एकदा तो मीटिंगला चल म्हणाला तेव्हा त्याच्या अंगावर बूट फेकला होता. पुढे १९५१ साली तिनेच घरच्यांसाठीचं अल-अ‍ॅनॉन उभं केलं. मला फार बरं वाटलं त्या बुटाचं.

आता कापलेला स्टार. भावाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, अजून आहेत. तिसऱ्या महिन्यात ग्रुपमधल्या एका जुन्या मेंबरने मीटिंगनंतर बाहेर उभं राहून त्याला सांगितलं की गोळ्या म्हणजे दुसरी दारूच, खरा सोबर माणूस काहीच घेत नाही. आणि याने बंद केल्या, मला न सांगता. आठवड्यात चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, झोप नाही, आणि मग एका सकाळी "जगून काय करायचंय" इथपर्यंत आला. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं म्हणून निभावलं. गंमत म्हणजे अ‍ॅनॉनिमसचं स्वतःचं छापील म्हणणं अगदी उलट आहे, कुठल्याही मेंबरने डॉक्टर बनू नये असं स्पष्ट आहे. पण छापलेलं आणि गेटवर सिगरेट ओढताना बोललेलं यात फरक असतो ना. मी चेअरपर्सनकडे तक्रार केली, पुढच्या मीटिंगला त्यांनी नाव न घेता सगळ्यांसमोर हे वाचून दाखवलं, तेवढं चांगलं. तरी त्या माणसाने सॉरी म्हणलेलं नाही, म्हणून स्टार परत मिळणार नाही. तुमच्या घरातलं कुणी गोळ्या घेत असेल तर कमी जास्त करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा, वीस वर्षं सोबर असलेल्या माणसाला नाही.

डिप्रेशनवाला सपोर्ट ग्रुप त्यानंतर लावला आणि तो या बाबतीत सरस आहे, तिथे गोळ्या, थेरपी, झोप हे सगळं उघड बोलतात. चालवणारे डॉक्टर नाहीत, स्वतः त्यातून गेलेले आणि ट्रेनिंग घेतलेले लोक. झिम्बाब्वेत २००६ पासून असंच चालतं, दवाखान्याबाहेर बाक टाकलेला आणि त्यावर ट्रेनिंग घेतलेल्या आज्या बसतात. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने सुरू केलं, आणि २०१६ च्या चाचणीत सहा महिन्यांनी आजीकडे गेलेल्यांची तब्येत नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बरीच चांगली दिसली. त्यांच्या भाषेत या त्रासाला शब्द आहे "कुफुंगिसिसा", म्हणजे फार विचार करणं. भावाला हे सांगितलं तर म्हणाला हेच तर मी तीन वर्षं सांगतोय, विचार थांबत नाहीत. बरोबर आहे, सांगत होता. आम्ही म्हणायचो मग करू नकोस.

पाचव्या महिन्यात परत प्यायला, दोन दिवस. तेव्हा ते आकडे आठवले, म्हणून मी थाळी आपटली नाही. तिसऱ्या दिवशी गेला मीटिंगला, हात वर करून म्हणाला एक दिवस, आणि टाळ्या वाजल्या. मला हे मोजणं पटत नाही हं, पाच महिने पुसून परत एकपासून कशाला? त्या पाच महिन्यात माणूस काहीच शिकला नाही का? स्मार्ट रिकव्हरी म्हणून १९९४ पासूनचा दुसरा प्रकार आहे, ऑनलाईन पण असतो, त्यात दिवसांचं एवढं नाही आणि देवाचंही नाही, विचार आणि सवयींवर काम. भावाने चार वेळा केलं आणि म्हणाला छान आहे पण होमवर्क आहे. देवाचं म्हणाल तर आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमधे देव "आपल्याला समजेल तसा" असं म्हणतात, भावाने देवाच्या जागी सरळ ग्रुपच धरलाय, कुणी हरकत घेतली नाही.

बारीकसारीक. बायका कमी असतात, बायकांची वेगळी मीटिंग मंगळवारी आहे ती विचारून घ्या, बोर्डावर लिहिलेली नाही. एक जण दर वेळी तेच पंचवीस मिनिटं बोलतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुविचारांचा पाऊस, म्यूट करा पण सोडू नका कारण मीटिंग रद्द झाली तर तिथेच कळतं. फी नाही, शेवटी डबा फिरतो, नवीन माणसाला टाकू देत नाहीत.

लिफ्ट बंद असते, दुसरा मजला. दारावरचे दोन नंबर आहेत त्यातला खालचा लागत नाही, वरचा लावा, आणि रात्री लावायला लाजू नका, उचलतात.